भावाला फोन करायचं मी बंद केलंय, माझं चुकतंय का?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): लिहिणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या आहेत, सरकारी खात्यात नोकरी करतात. त्यांचा धाकटा भाऊ एका प्रकल्पात जमिनी गेलेल्या लोकांच्या मोबदल्यासाठी काम करतो. मोर्चे, निवेदनं, कोर्टाच्या तारखा, हे त्याचं रोजचं. काही महिन्यांपूर्वी त्याच्या दोन सहकाऱ्यांना चौकशीला बोलावलं होतं आणि तिथे त्यांच्या फोनवरच्या बोलण्याचा उल्लेख झाला, असं भावाने बोलता बोलता सांगितलं. त्या दिवसापासून ताईंनी दर रविवारी सकाळचा त्याला होणारा फोन बंद केला. आता महिन्यातून एखादा मेसेज, तोही नुसता 'बरं आहे ना' एवढाच. मुलीलाही सांगितलंय की मामाला काही पाठवू नकोस. फोनवर बोलताना मधेच टक टक आवाज येतो असं त्यांना वाटतं. नवरा म्हणतो, आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही तर घाबरतेस कशाला, आणि तोच दुसऱ्या दिवशी म्हणतो, त्याच्याशी जरा कमीच बोल. आई विचारते, तुमचं भांडण झालंय का. ताईंचा प्रश्न असा की सरकार खरंच सगळं ऐकतं का, आणि भावापासून लांब राहणं हा शहाणपणा आहे की भ्याडपणा.

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले, तुम्ही लिहिलंय, "त्याला मी काही सांगितलेलं नाही, हळूहळू त्याच्या लक्षात येईल." त्या वाक्याकडे मी परत येणार आहे, पण आधी बाकीचं बोलू, कारण तुमची भीती खरी आहे आणि तिला नुसतं 'घाबरू नका' म्हणून उत्तर देण्यात काही अर्थ नाही.

भ्याड हा शब्द तुम्ही स्वतःसाठी दोनदा वापरलाय, तो आधी खोडून टाका. तुमच्या पगारावर घर चाललंय, मुलीचं शिक्षण आहे, आणि भावाच्या सोबतच्या दोन माणसांना खरोखर बोलावणं आलं होतं. अशा वेळी ज्याला भीती वाटत नाही त्याला एक तर परिस्थिती कळलेली नसते किंवा त्याच्याकडे गमावण्यासारखं काही नसतं. भीती वाटली म्हणून काही चुकलं नाही. तिच्यापायी तुम्ही जे ठरवून टाकलंत, ते मात्र मला परत तपासायला हवं असं वाटतं.

आधी त्या आवाजाचं. फोनमध्ये टक टक झालं, मधेच स्वतःचाच आवाज परत ऐकू आला, बॅटरी लवकर उतरली, यातल्या कशावरूनही फोन टॅप होतोय असं ठरत नाही. पूर्वी तारेला तार जोडून ऐकायचे तेव्हा आवाज येण्याची शक्यता तरी होती, आता कायद्याने जे टॅपिंग होतं ते टेलिकॉम कंपनीच्या यंत्रणेतून होतं, तुमच्या फोनला कोणी हातही लावत नाही आणि तुम्हाला काहीही ऐकू येत नाही. म्हणजे आवाज आला म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि आवाज येत नाही म्हणून निर्धास्त व्हायचंही कारण नाही. दुसरा भाग ऐकायला बरा वाटणार नाही पण खोटा धीर देऊन मला तुम्हाला परत पाठवायचं नाहीये.

मग खरंच सगळं ऐकतात का? लाखो लोकांचे फोन बसून ऐकायला तेवढी माणसं कुठल्याच सरकारकडे नसतात, बोलणं ऐकलं जातं ते बहुतेक निवडक लोकांचं. मशीन आता बोललेल्याचं लिहून काढायला शिकलीयेत, त्यामुळे हे चित्र बदलतंय, पण आज तरी सगळ्यात स्वस्तात आणि सगळ्यात जास्त लोकांचं जे गोळा करता येतं ते वेगळंच असतं. कोणी कोणाला फोन केला, कधी, किती वेळ, कुठून. याला मेटाडेटा म्हणतात आणि 'बोलणं तर ऐकत नाहीत ना, मग काय एवढं' असं म्हणून लोक ते सोडून देतात. मीही सोडून देत होते, अगदी त्यात काम करणाऱ्या एका मित्राने समजावलं तरी, जोपर्यंत जुनी कागदपत्रं आवरताना मला माझंच एक फोनचं बिल सापडलं नाही तोपर्यंत.

ते बिल माझे वडील आजारी होते त्या वर्षीचं होतं. सगळे कॉल वेळेसकट छापलेले. एका मंगळवारी सकाळी ९.१० ला लॅबचा नंबर, दोन मिनिटं. ९.१३ ला बहिणीचा नंबर, ४१ मिनिटं. ९.५५ ला ऑफिस, एक मिनिट. १०.०२ ला कॅन्सर हॉस्पिटल. मग त्याच रात्री २.२० ला परत बहीण, सहा मिनिटं. पुढची पानं उलटत गेले तर बँक, विमा कंपनी, एक मामा ज्यांच्याशी आम्ही वर्षानुवर्षं बोलत नव्हतो. आणि शेवटच्या पानावर एका पहाटे ४.५० पासून लागोपाठ सतरा फोन, एकही एका मिनिटाच्या वर नाही. त्यात एक शब्दही आमच्या बोलण्यातला नव्हता. पण कोणीही परक्या माणसाने ते बिल हातात घेतलं असतं तर आमच्या घरात त्या महिन्यात काय झालं, कोणाला आधी कळलं, पैशाची ओढाताण कधी सुरू झाली, आणि शेवटी ती पहाट कसली होती, हे सगळं त्याला वाचता आलं असतं. मी ते बिल घेऊन बराच वेळ जमिनीवरच बसून होते.

जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने तिथले गुप्त कागद बाहेर आणले तेव्हा जगाला कळलं की अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था आपल्याच देशातल्या कोट्यवधी लोकांची नेमकी हीच यादी रोजच्या रोज गोळा करत होती, संशय असो नसो. २०१५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की कायद्यात याला परवानगीच नव्हती, आणि त्याच वर्षी नवा कायदा करून ते सरसकट गोळा करणं थांबवावं लागलं. त्या एनएसएचे माजी प्रमुख मायकल हेडन यांनी २०१४ साली एका जाहीर चर्चेत कबूल केलं होतं की आम्ही मेटाडेटाच्या आधारावर माणसं मारतो. ते परदेशातल्या लक्ष्यांबद्दल बोलत होते, पण या यादीचं वजन किती असतं हे यावरून कळावं.

हे सगळं सांगून मी तुमची भीती वाढवतेय असं वाटेल, पण थांबा, यातून तुमच्या कामाची एक गोष्ट निघते. तुम्ही फोन बंद केलात त्यामागे असं धरून चालला आहात की आता कॉल नाहीत म्हणजे तुमचं नाव त्या यादीतून गेलं. ते जात नाही ताई. तो तुमचा सख्खा भाऊ आहे हे सरकारला शोधायला फोनची गरजच नाही, तुमची जन्माची आणि घराची कागदपत्रं आहेतच. आणि फोनचं म्हणाल तर कॉलचं रेकॉर्ड कंपन्यांकडे राहतंच, भारतात आणि ऑस्ट्रेलियात दोन वर्षं ठेवावं लागतं, काही देशांत कमी. वर्षानुवर्षं दर रविवारी येणारा एक कॉल अचानक बंद झाला, हेही त्या रेकॉर्डमध्ये दिसतंच. म्हणजे तुम्ही किंमत पूर्ण मोजताय आणि त्या बदल्यात संरक्षण जवळजवळ काहीच मिळत नाहीये. माझ्या मते तुमच्या निर्णयातली खरी अडचण ही आहे.

आता नवऱ्याच्या त्या वाक्याकडे येते, लपवण्यासारखं काही नाही तर घाबरायचं कशाला. आधी एक बघा, हेच म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी 'कमीच बोल' म्हणतो. मी त्यांना नावं ठेवत नाहीये, ते घराच्या काळजीनेच बोलतायत. पण ही दोन वाक्यं एकाच तोंडातून येतात म्हणजे त्यांनाही आतून माहितीये की प्रश्न गुन्ह्याचा नाहीये. तुम्ही भावाशी आईच्या गुडघ्याबद्दल बोलता, मुलीच्या परीक्षेबद्दल बोलता, यात लपवण्यासारखं खरंच काही नाही, आणि तरी ते तिसऱ्याने ऐकावं असंही नाही. लपवणं वेगळं आणि आपलं आपल्यापाशी ठेवणं वेगळं, आपण हे दोन्ही एकाच पिशवीत घालतो म्हणून घोळ होतो.

आणि निर्दोष असलं की कोणी त्रास देत नाही, असंही नसतं. खडकसिंग नावाच्या माणसाची केस भारताच्या सुप्रीम कोर्टात गेली होती, निकाल १९६२ चा. दरोड्याच्या प्रकरणात त्याला पकडलं, पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. तरी पोलिसांनी त्याच्या नावाने फाइल उघडली, आणि मग रात्री-बेरात्री शिपाई घरी यायचे, दार वाजवायचे, हाका मारून उठवायचे, तो घरी आहे की नाही बघायला. कोर्टाने ते रात्रीचं दार वाजवणं बंद करायला लावलं, पण त्याच निकालात असंही म्हटलं की प्रायव्हसी हा काही घटनेने दिलेला हक्क नाही. ही चूक दुरुस्त व्हायला २०१७ उजाडावं लागलं. के. एस. पुट्टस्वामी हे हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती, ऐंशी ओलांडलेल्या वयात त्यांनी २०१२ मध्ये आधारच्या विरोधात याचिका केली, आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मला या गोष्टीत तो निकाल जितका महत्त्वाचा वाटतो तितकाच तो माणूसही वाटतो, त्या वयात, स्वतःला लपवण्यासारखं काही नसताना, बाकीच्यांसाठी कोर्टात गेलेला.

अजून एक सांगते, हे मला स्वतःला विसरता येत नाही. नेदरलँड्समध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या आधी लोकसंख्येची नोंद फार व्यवस्थित ठेवलेली होती, प्रत्येकाचं कार्ड, त्यावर पत्ता आणि धर्मसुद्धा. ज्यांनी ती ठेवली त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, कारभार नीट चालावा एवढंच. मग १९४० मध्ये जर्मन आले आणि तीच कार्डं त्यांच्या हातात पडली. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही लोक पोलिसांच्या वेषात ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले आणि कार्डांना आग लावली, आणि विझवायला आलेल्या अग्निशमनवाल्यांनी मुद्दाम उशीर केला आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी मारलं, की उरलेली कार्डंही भिजून जावीत. तरी थोडाच भाग नष्ट झाला, त्या लोकांपैकी बारा जणांना गोळ्या घातल्या, आणि त्या देशातले सुमारे तीन चतुर्थांश ज्यू मारले गेले. आज आपल्याला सरकार चांगलं वाटत असेल नसेल, साठवलेली माहिती सरकारपेक्षा जास्त जगते. म्हणून 'आत्ता तर काही होत नाहीये ना' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

पण दुसरी बाजूही बोलायला हवी, नाहीतर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. पाळत ठेवणं म्हणजे प्रत्येक वेळी अन्यायच असं मी म्हणणार नाही. पळवून नेलेलं मूल फोनच्या लोकेशनवरून सापडतं, कुठे घातपात होणार असेल तर तो बोलण्यातून आधी कळू शकतो, आणि आपल्या घरातलं माणूस त्या जागी असेल तर आपणच म्हणू की बघा, ऐका, काहीही करा. माझं म्हणणं इतकंच की त्याचा आदेश कोणी दिला, कोणत्या कारणाने, किती दिवसांसाठी आणि नंतर ते कोण तपासणार, याला उत्तर असलं पाहिजे. भारतात १९९६ साली टेलिफोन टॅपिंगच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच लावून दिलं, आदेश गृहसचिवांच्या पातळीवरचा हवा, दोन महिन्यांपुरताच, वाढवला तरी एकूण सहा महिन्यांच्या पुढे नाही, आणि वर आढावा समिती. कागदावर चांगलं आहे. अडचण अशी की आदेश देणारेही सरकारी अधिकारी आणि तपासणारेही सरकारी अधिकारी, न्यायाधीशाच्या सहीची गरज तिथे नाही, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवत नाहीत. काही देशांत आधी कोर्टाचं वॉरंट लागतं. तुम्ही जिथे राहता तिथला नियम काय आहे तो एकदा शांतपणे वाचा, हे सदर वाचणारे बरेच जण वेगवेगळ्या देशांत आहेत म्हणून सगळ्यांनाच सांगतेय. आपल्याला नेमकं काय लागू आहे हे माहिती असलं की भीतीला निदान एक आकार तरी येतो.

आता मला सगळ्यात जास्त ज्याची काळजी वाटते ते. पाळतीचा मोठा परिणाम ज्यांच्यावर पाळत असते त्यांच्यापुरता राहत नाही, बाकीचे लोक आपण होऊनच गप्प बसायला लागतात. स्नोडेनची बातमी आल्यानंतर विकिपीडियावरचे दहशतवादाशी संबंधित लेख वाचणाऱ्यांची संख्या लक्षणीय घटली, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. विकिपीडिया, ज्ञानकोश! वाचणं हा गुन्हा नाही, कोणी कोणाला वाचू नका म्हटलं नव्हतं, लोकांनीच स्वतःला आवरलं. तुमच्या घरात हेच झालंय. तुम्हाला कोणी फोन करून दम दिला नाही, नोटीस आली नाही, तरी एक बहीण भावाशी बोलेनाशी झाली, एका भाचीला मामापासून तोडलं, आणि एक आई आपल्या मुलांचं काय बिनसलंय याचा अंदाज बांधत बसलीये. पूर्व जर्मनीत स्टाझी नावाचं गुप्त पोलीस खातं होतं, १९८९ मध्ये त्यांचे ९० हजारांच्या आसपास पगारी कर्मचारी होते आणि त्याहून कितीतरी जास्त खबरे. १९९२ पासून लोकांना आपापली फाइल बघता यायला लागली तेव्हा कोणाला कळलं की खबर देणारा आपला मित्रच होता, कोणाला घरातलंच नाव सापडलं. पण ज्या गप्पा झाल्याच नाहीत, जे फोन भीतीने केलेच गेले नाहीत, त्यांची नोंद १११ किलोमीटर भरतील एवढ्या त्या फाइलींमध्ये कुठेच नाही.

मग करायचं काय. माझ्या डोक्यात तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. आत्ता चाललंय तसंच चालू ठेवायचं, याने काय मिळतं ते वर बोललेच. किंवा जणू काही झालंच नाही असं धरून सगळं पूर्वीसारखं बोलायचं, हे मी सांगणार नाही, कारण भावाच्या कामाच्या गोष्टींमध्ये दुसऱ्यांची नावं असतात, ती माणसं तुमच्यापेक्षा जास्त अडचणीत असू शकतात आणि त्यांच्या वतीने धोका पत्करायचा अधिकार तुम्हाला नाही. तिसरी वाट अशी की घरचं बोलणं मोकळेपणाने चालू ठेवायचं आणि कामाचं बोलणं त्यातून वेगळं काढायचं. आईची तब्येत, मुलीची परीक्षा, कोणाचं लग्न, हे साध्या फोनवर, नेहमीच्या वेळी, अजिबात दबकत न बोलता. आणि कोण कुठे भेटणार आहे, कोणती कागदपत्रं कोणाकडे आहेत, असलं काही फोनवर नाहीच, मेसेजमध्येही नाही. हे भावालाही सोयीचं आहे, बहुतेक तो ते पाळतही असेल.

फोनबद्दल थोडं. साधा कॉल आणि एसएमएस यांना कंपनीला उघडता येणार नाही असं कुलूप नसतं. व्हॉट्सॲप, सिग्नल यांच्यावरचं बोलणं एंड टू एंड एन्क्रिप्टेड असतं, म्हणजे मधे कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. पण व्हॉट्सॲपचं बॅकअप वेगळं जातं, त्याचं एन्क्रिप्शन सेटिंगमध्ये जाऊन आपण चालू करावं लागतं, आणि कोण कोणाशी कधी बोललं हे कंपनीला दिसतंच. सिग्नल यात बरंच बरं आहे, २०१६ मध्ये अमेरिकेत त्यांच्याकडे कोर्टामार्फत माहिती मागितली तेव्हा त्यांच्याकडे द्यायला खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं एवढंच होतं. फोनचे अपडेट लांबवू नका, स्क्रीनला चार आकड्यांऐवजी मोठा पासकोड ठेवा, आणि कोणत्या ॲपला लोकेशन, माइक, कॉन्टॅक्ट दिलेत ते एकदा बसून बघा, अर्ध्या ॲपना त्याची काही गरज नसते. मात्र हातातल्या फोनमध्येच कोणी शिरलं असेल तर एन्क्रिप्शनचा उपयोग नाही, कारण तिथे मजकूर उघडाच असतो. पेगॅसस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण असंच होतं, २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधून सुमारे १४०० फोन लक्ष्य झाले, समोरच्याने फोन उचलायचीही गरज नव्हती. भारतात सुप्रीम कोर्टाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचमध्ये काहीतरी घुसखोर सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं का हे ठरवता आलं नाही. असली हत्यारं महाग असतात आणि मोजक्या लोकांवर वापरली जातात. तुमच्यावर तसं काही होईल अशी शक्यता मला फार कमी वाटते, भावाच्या बाबतीत मी तेवढ्या खात्रीने बोलणार नाही, म्हणून त्याने मात्र जाणकाराला फोन दाखवावा, रोज फोन बंद करून चालू करण्याची सवय ठेवावी, आयफोन असेल तर लॉकडाऊन मोड, म्हणजे असल्या हल्ल्यांसाठीचं जास्त कडक सेटिंग, बघावा.

काय करू नका तेही सांगते कारण घाबरलेली माणसं नेमकं हेच करतात. दुसऱ्याच्या नावावर सिम घेऊ नका, तो बऱ्याच ठिकाणी सरळ गुन्हा आहे आणि नसलेला संशय तयार होतो. चौकशी सुरू असल्याचं कळल्यावर घाईघाईने चॅट पुसत बसू नका, त्याला पुरावा नष्ट करणं म्हणता येतं. ठरावीक दिवसांनी आपोआप जाणारे मेसेज ठेवायचे तर ते आधीपासून, सवय म्हणून ठेवा. आणि बोलताना सांकेतिक शब्द तर मुळीच वापरू नका, 'सामान पोचलं का' असलं बोललेलं उद्या कोणी कसंही वाचेल.

नोकरीचं. तुमचे सेवानियम काढून बसा आणि स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका. सहसा त्यात बंधनं असतात ती राजकीय पक्षात भाग घेण्यावर, जाहीर वक्तव्यांवर, खात्यातली माहिती बाहेर देण्यावर. ऑफिसमधलं काहीही, अगदी क्षुल्लक वाटलं तरी, भावाला सांगू नका आणि त्याच्या कामाच्या मेसेजसाठी ऑफिसचा फोन किंवा मेल वापरू नका. ही रेघ तुम्ही स्वतः आखली की भावाची विचारपूस करायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही. उद्या खरंच कोणी विचारायला आलं तर नाव आणि हुद्दा लिहून घ्या, कशासंदर्भात आहे ते लेखी मागा, खोटं काही बोलू नका, आणि उत्तर देण्याआधी वकिलाशी बोला. एका वकिलाचा नंबर आत्ताच, शांत असताना, शोधून ठेवा, तेवढ्यानेच झोप बरी लागेल.

आता ते वाक्य. "त्याला मी काही सांगितलेलं नाही." ताई, या सगळ्यात त्याला विचारलंय कोणी? तुम्ही त्याच्या वतीने ठरवून टाकलंत की तो समजून घेईल. मला वाटतं त्याला असं वाटत असणार की ताईला माझं काम आवडत नाही, किंवा तिला माझी लाज वाटते. ज्या कामात माणसं आधीच एकटी पडतात तिथे हे फार लागतं. आणि उलट, कदाचित त्याचंच मत असेल की काही महिने फोन कमी ठेवू, मग तो तुमचा दोघांचा निर्णय होईल, आणि दोघांनी मिळून ठरवलेलं अंतर फार वेगळं असतं, त्यात कोणी कोणाला सोडलेलं नसतं.

म्हणून त्याला भेटा. फोनवर नको, समोरासमोर. जायला दिवस मोडेल तर मोडू दे. त्याला जसं मला लिहिलंत तसंच सांगा, सहकाऱ्यांची गोष्ट ऐकून मी घाबरले, नोकरीची भीती वाटली, म्हणून बंद केलं. त्याला विचारा, तुला काय वाटतं, काय बोलायचं आणि काय नाही ते आपण दोघं ठरवू. नवऱ्याला सोबत नेता आलं तर न्या, त्यांच्या मनात काय आहे तेही तिथे बोललं जाईल. आईला खरं सांगा, ७१ वर्षांच्या बाईने आयुष्यात बरंच पाहिलेलं असतं, तिला भांडणापेक्षा हे ऐकणं सोपं जाईल. आणि मुलीला सांगा की मामाला मेसेज कर, मामाच्या कामाबद्दल त्यात लिहू नकोस आणि त्याचं कारण हे आहे. सतरा वर्षांच्या मुलीला कारण दिलं की कळतं, नुसती बंदी घातली की ती मामालाच वाईट समजायला लागेल.

मग त्यानंतरच्या रविवारी फोन करा, आईच्या फोनवरून नको, तुमच्याच फोनवरून, नेहमीच्या वेळी. आणि काय झालं ते मला कळवा.